चार दिवसांचं बँकॉक आणि वहीतला राहिलेला रकाना

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही घरची चौघं बँकॉकला जाऊन आलो. तेव्हापासून शाळेच्या स्टाफरूममध्ये, भिशीत, अगदी भाजीच्या गाडीपाशीसुद्धा एकच प्रश्न कानांवर येतो, “खर्च किती आला हो?” दर वेळी तोंडी हिशेब सांगून मी दमले. म्हणून म्हटलं, आपल्या या सदरातच एकदा वही उघडून दाखवावी. वहीत जे लिहिलं होतं ते सांगेन आणि जे लिहायचं राहून गेलं तेही सांगेन. खरं तर हा लेख त्या राहिलेल्यासाठीच आहे.

बँकॉक म्हटलं की काही पुरुषमंडळी मिशीतल्या मिशीत हसतात. हसू द्या बापडे! बाईमाणसानं, लेकराबाळांनी, म्हाताऱ्या माणसांनी पाहावं असं त्या शहरात पुष्कळ आहे. १७८२ साली पहिल्या राम राजानं तिथे राजधानी वसवली. पुढचे सगळे राजे रामच, सध्याचे दहावे. गावाचं त्यांच्या भाषेतलं नाव ‘क्रुंग थेप महा नखॉन’, म्हणजे देवांचं महानगर. भेटल्यावर म्हणायचं ‘सावादी’, ते आपल्या ‘स्वस्ति’वरून आलेलं. विमानतळाचं नाव ‘सुवर्णभूमी’. मुंबईहून चार-साडेचार तासांचा प्रवास, पण उतरल्यावर परकं वाटता वाटता एकदम ओळखीचं काहीतरी समोर येतं.

पैशाची सोय

मी अर्धवेळ शिकवते. त्या पगारातले दरमहा ४ हजार रुपये मी तीन वर्षं रिकरिंगमध्ये टाकले. १ लाख ४४ हजार मुद्दल झालं, वर व्याज. “तेवढ्यात नवा फ्रिज आणि वॉशिंग मशीन दोन्ही होईल,” हे आमच्या घरातल्यांचं म्हणणं. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. “तुम्ही तिघं जा. मला कशाला? माझ्या तिकिटाचे पैसे पोरीच्या शिक्षणाला ठेव.” एकोणसत्तर वर्षांच्या या माणसाचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे एकदा दिल्ली. मी हट्ट धरला. म्हटलं, “आई, तुम्ही नाही तर कुणीच नाही.” हे मी मुद्दाम सांगते आहे. त्यांना मी हौसेनं नेलं होतं, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

तिकीट काढण्याआधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस तिथे त्यातल्या त्यात कोरडे आणि सुसह्य. एप्रिलमध्ये उकाडा नको होतो, मे ते ऑक्टोबर पावसाचे. नाताळ ते नवं वर्ष मात्र टाळा. तेव्हा भाडी चढलेली असतात. आम्ही जानेवारीचा मधला आठवडा धरला आणि तिकिटं तीन महिने आधी काढली.

पासपोर्टाची मुदत पुढे सहा महिने तरी असावी. आम्हाला व्हिसा लागला नाही, पण हे नियम बदलत राहतात. पैसे भरण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्या, शेजारणीच्या माहितीवर विसंबू नका. १ मे २०२५ पासून तिथे पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एक आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणारा भेटला तर सरळ नमस्कार करा.

रुपये तिथल्या ‘बात’मध्ये बदलून घेताना विमानतळावरच्या पहिल्याच खिडकीशी थांबू नका. खाली रेल्वेच्या फलाटाकडे जाताना जी दुकानं आहेत तिथे भाव बरा मिळतो. आमच्या वेळी एका बातला अडीच रुपये पडले. हा आकडा मुलीकडून पाठ करून घेतला आणि भावाचं भाषांतर करण्याचं काम तिच्याकडे सोपवलं. त्याचा परिणाम काय झाला, तेही पुढे येईलच.

राहणं आणि फिरणं

हॉटेल स्वस्त असण्यापेक्षा स्टेशनाजवळ असणं महत्त्वाचं. बँकॉकचं ट्रॅफिक मुंबईला हार जाणार नाही. विमानतळावरून शहरात जी रेल्वे येते तिचं शेवटचं स्टेशन फाया थाई; भाडं माणशी ४५ बात. तिथेच उंच खांबांवरून धावणारी शहरातली रेल्वे मिळते. आम्ही त्याच भागात दोन खोल्या घेतल्या. टॅक्सी अशी एकदाच केली, तीही परतीच्या दिवशी बॅगा होत्या म्हणून.

सगळ्यात मजेचं आणि स्वस्त वाहन म्हणजे चाओ फ्राया नदीतली लाँच. रेल्वेनं सफान ताक्सिनला उतरायचं, खालीच धक्का आहे. नारिंगी झेंड्याची लाँच गावकऱ्यांची. आम्ही १६ बात दिले. पर्यटकांसाठी वेगळी महाग लाँच असते आणि तिकिटासाठी आधी तीच दाखवतात. तुम्ही झेंड्याचा रंग बघा.

राजवाड्याच्या आसपास एखादा इस्त्रीच्या कपड्यातला गृहस्थ अगदी कळवळ्यानं सांगतो, “आज राजवाडा बंद आहे, चला, रिक्षानं दुसरं देऊळ दाखवतो.” बंद काही नसतो. ती रिक्षा शेवटी खड्यांच्या दुकानापाशी थांबते.

खाण्याचं काय?

शाकाहारी बायकांना धास्ती याचीच. तिथल्या साध्या भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात. ‘नाम प्ला’ हा शब्द लक्षात ठेवा. आपण म्हणायचं ‘किन जे’, म्हणजे आम्ही मांसमासळी खात नाही. पिवळ्या पाटीवर तांबडं ‘जे’ अक्षर असेल ते दुकान आपलं. त्या ‘जे’मध्ये कांदा-लसूणही नसतो, म्हणजे सासूबाईंच्या एकादशीचीच चव! पाहुरात नावाची कापडबाजाराची पेठ आहे, तिथे पंजाबी शाकाहारी जेवण पोटभर मिळतं. हातगाड्यांवर चिरलेली पपई, पेरू, अननस तिखटमिठासकट मिळतात.

घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि रव्याचे लाडू नेले. ताजी फळं-भाज्या नेऊ नका. आणि एक गोष्ट मी हट्टानं नेली नाही, ती म्हणजे विजेचा कुकर. सहलीला जाऊनही खिचडीच लावायची, तर ती सहल बाकीच्यांची झाली, आपली नाही.

आणि आता माझी चूक

माझी वही अशी चोख होती. चार दिवसांत चौदा ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ, भाडं, तिकीट. स्टाफरूममध्ये ती हातोहात फिरली होती.

विमान रात्रीचं घेतलं, कारण ते स्वस्त होतं. रात्रभर कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सहाला उतरलो. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे आपले साडेचार. हॉटेलात खोली दुपारी दोनशिवाय मिळायची नव्हती. वहीत पहिला दिवस ‘राजवाडा, ९ वाजता’ असा होता. बॅगा ठेवल्या आणि निघालो.

राजवाड्याच्या आवारातच त्यांच्या पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. मूर्ती पाचूची म्हणतात, पण आहे हिरव्या जेड दगडाची, जेमतेम सव्वादोन फुटांची. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तीन ऋतूंत राजा तिचं सोन्याचं वस्त्र बदलतो. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. आमच्या साड्या आणि पंजाबी ड्रेस चालले, पुरुषांची अर्धी विजार चालत नाही. तिकीट माणशी ५०० बात.

देवळाभोवती आपल्या ओसरीसारखी लांबलचक दालनं आहेत आणि त्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे, १७८ चित्रांत. हनुमान पांढराशुभ्र, रावण हिरवागार. तिथे अकराच्या सुमाराला सासूबाई कठड्यावर टेकल्या. म्हणाल्या, “तुम्ही या पुढचं बघून. मी हा राम बघत बसते.”

ऊन, गर्दी, न झालेली झोप आणि माझ्या वहीतला ‘११.३०’. मी फाडकन बोलले, “आई, पाचशे बातचं तिकीट आहे. बसायला नाही काढलं!”

शेजारी आपल्याकडचाच एक घोळका उभा होता. त्यातल्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं. सासूबाई उठल्या, पदर सारखा केला आणि आमच्यामागून चालू लागल्या. दिवसभर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी दाखवीन ते बघत राहिल्या.

रात्री मी त्यांच्या खोलीत पाणी ठेवायला गेले. त्यांनी उशीखालून रुमाल काढला आणि गाठ सोडली. आत पाचशेच्या दोन नोटा, एक दोनशेची, एक पन्नासाची. “पाचशे बातचे बाराशे पन्नास होतात ना? पोरीनं हिशेब करून दिला. माझ्या तिकिटाचे. तुझं नुकसान नको.”

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. मी रडले, पाया पडले, पैसे परत त्यांच्या पिशवीत टाकले. सकाळी ते माझ्या वहीत ठेवलेले सापडले.

मैत्रिणींनो, पैशाच्या हिशेबात आपण बायका पटाईत. पण माझ्या वहीत पायांचा रकानाच नव्हता. कुणाचे गुडघे किती चढतात, कोण किती वेळ उभं राहू शकतं, कुणाला दुपारी अर्धा तास पडावं लागतं, यातलं मला घरी सगळं तोंडपाठ होतं. घरी मी त्यांना तिन्हीसांजेला जिना चढू देत नाही. तेच ज्ञान मी घरी ठेवून आले होते आणि कुकर आणला नाही म्हणून स्वतःवर खूश होते. शिवाय आपल्या कमाईचा पैसा असला की तो वसूल करायची एक घाई अंगात शिरते. आजवर मी ती दुसऱ्यांतच पाहिली होती.

दुसरी वही

त्या रात्री चौदातली सात ठिकाणं खोडली. शंभरेक किलोमीटरवरचा तो तरंगता बाजार आधी गेला. नियम एकच केला: सकाळी आठला एक ठिकाण, दुपारी बारा ते चार खोलीत पाठ टेकायची, संध्याकाळी एक ठिकाण, तेही जमल्यास फुकटातलं.

दुसरा दिवस: सकाळी वाट फो. इथला निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाची १०८ शुभचिन्हं आहेत. पाठीमागे भिंतीशी पितळी दिसणारी १०८ भांडी ओळीनं मांडलेली, त्यांत एकेक नाणं टाकत जायचं. सुटी नाणी तिथेच मिळतात. सासूबाईंनी जपाची माळ ओढावी तशी १०८ नाणी टाकली, टण्‌ टण्‌ टण्‌, आणि शेवटाला मला म्हणाल्या, “झाली बघ माळ.” आदल्या दिवसानंतरचं त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य! संध्याकाळी चित लोम स्टेशनाजवळचा एरावनचा ब्रह्मदेव. चार तोंडांचा, १९५६ सालचा. लोक त्याला झेंडूच्या माळा वाहतात. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ शोधावं लागतं, इथे तो भरचौकात बसलाय.

तिसरा दिवस: लाँचनं था तिएन धक्का, तिथून पलीकडच्या तीरावर जाणारी तर, भाडं अवघे पाच बात. समोर वाट अरुण, आपला अरुणच, पहाटेचा. चिनी भांड्यांचे तुकडे लावून केलेली फुलं सगळ्या शिखरावर आहेत. पायऱ्या उभ्या आहेत. मुलगी आणि हे वर गेले. आम्ही दोघी खाली नदीकडे तोंड करून बसलो. वेळ बघितला नाही. संध्याकाळी पाक ख्लाँग तलातला फुलबाजार. झेंडूचे ढीगच्या ढीग, मोगऱ्याच्या कळ्यांचे गजरे. सासूबाईंनी झेंडूचा भाव विचारला, तो मराठीत आणि खुणांनी, आणि घासाघीसही केली. या बाजाराला तिकीट नाही.

चौथा दिवस: सकाळी लवकर लुंपिनी बाग, तीही फुकट. तळ्याकाठी हातभर नव्हे, चांगल्या माणसाएवढ्या घोरपडी ऊन खात पडलेल्या. मुलीला सिंहगडची यशवंती आठवली आणि बाबांना दोर लावायला लावणार होती! तिथून वाट त्रायमितचा सोन्याचा बुद्ध. साडेपाच टन वजन. कित्येक वर्षं त्याच्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५५ साली हलवताना तो फुटला, तेव्हा आतलं सोनं दिसलं. सासूबाई मूर्तीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मी घड्याळ पिशवीत टाकलं होतं. दुपारनंतर हे आणि मुलगी चतुचकच्या शनिवार-रविवारच्या बाजारात गेले. आम्ही दोघींनी खोलीत चहा करून घेतला आणि दशम्या संपवल्या.

पूर्ण हिशेब

चौघांची विमानाची तिकिटं ८० हजार, दोन खोल्या चार रात्री २४ हजार, जेवणखाण आणि लाँच-रेल्वे १५ हजार, देवळं-राजवाड्याची तिकिटं ११ हजार, मुंबईपर्यंतचं जाणंयेणं, प्रवासविमा आणि फोनचं कार्ड ८ हजार, खरेदी ६ हजार. बेरीज १ लाख ४४ हजार. मुद्दल तिकडे गेलं, व्याज घरी आलं. पहिल्या वहीतली सगळी ठिकाणं केली असती तर खर्च याहून बराच वाढला असता, हे वेगळं सांगायला नको.

पुन्हा जायचं झालं तर मी तीन गोष्टी बदलीन. विमान दिवसाचं घेईन; रात्रीच्या तिकिटात वाचलेले पैसे पहिल्या दिवशी दुप्पट वसूल होतात. ते न जमलं तर पहिला दिवस कोरा ठेवीन आणि खोली लवकर मिळेल का हे हॉटेलला आधीच विचारीन. आणि वहीत पैशाच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखीन, बसायच्या जागांचा.

परतायच्या आदल्या संध्याकाळी मी सासूबाईंना म्हटलं, “आई, उद्या सकाळी राजवाड्यात जाऊ या. तुमचा राम बघायचा राहिलाय.” “परत पाचशे बात? वेड लागलंय का तुला?” त्या हसल्या, पण ऐकल्या नाहीत. तो राम अर्धाच राहिला. काही गोष्टी दुरुस्त होत नाहीत, पुढे सांभाळायच्या एवढंच.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर तपासण्या उरकून आत गेलो, तर समोर भलंमोठं समुद्रमंथन! एकीकडे देव, एकीकडे दैत्य, मधे वासुकी, वर विष्णू, सगळं रंगीत, झगझगीत. विमानाला दोन तास होते. सासूबाईंनी समोरची खुर्ची गाठली, चपला काढून पाय वर घेतले आणि मला विचारलं, “याला तिकीट नाही ना?”

“नाही आई.”

“मग बस इथे.”

मी बसले. विमानाची वेळ होईपर्यंत त्या मला चौदा रत्नं एकेक करून मोजून दाखवत होत्या.

बाराशे पन्नास रुपये अजून माझ्या वहीतच आहेत. त्या घेत नाहीत, मला खर्चवत नाहीत. पुढच्या रिकरिंगचा पहिला हप्ता त्यांतूनच भरावा, असं आता मनात आहे.

(पुढील अंकात: प्रवासात आठ दिवस टिकणाऱ्या दशम्या आणि तीन प्रकारच्या कोरड्या चटण्या.)